चाळीस मिनिटांचं घराणं

श्रीशैलला खुर्ची दिली की तो तिच्या काठावर बसतो. मागं टेकून बसलेला श्रीशैल खटकचिंचोळीत कुणी पाहिलेला नाही, आणि त्याची बायको मनीषा म्हणते, तिनंही नाही. लग्नाला तर एकोणीस वर्षं झाली. लग्नकार्याला गेला तर अक्षता टाकतो आणि पंगत बसायच्या आत गाडीला किक मारतो. बसला तरी उजवा पाय हलत असतो. कुणी विचारलं, "कामून पळायलास बाबा, कुठं आग लागली काय?" तर म्हणतो, "आलोच." आणि जातो. हा 'आलोच' खटकचिंचोळीत इतका मुरलाय की लोक उसनी कुदळ परत द्यायची नसली की 'श्रीशैलसारखं आलोच' म्हणतात.

भटकणं त्याच्या घराण्याला नवीन नव्हतं म्हणा. आजा तीनशे मेंढरं घेऊन कार्तिकात निघायचा तो मांजरेच्या काठाकाठानं चालत थेट आषाढाच्या तोंडावर घर बघायचा. पण आजा मेंढरांच्या मागं जायचा आणि मेंढरांबरोबर परत यायचा. नातू कशाच्या मागं जात होता, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भालकीला कॉलेज अर्धवट सोडलं, तिथंच एका खोलीतल्या क्लासमध्ये संगणक शिकला, आणि वेबसाइटवर हलणारी चित्रं कशी बसवायची हे कळल्याबरोबर हैदराबादला पळाला. तिथून पुणं, पुण्यातून बेंगळूरु, पुन्हा हैदराबाद. अकरा नोकऱ्या. प्रत्येक नोकरीतून बाहेर पडताना त्याच्याकडं पटण्यासारखं कारण असायचं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

त्या काळात त्याचा हात खरोखर चालायचा. शाळेच्या वेबसाइटवर धावणारा घोडा, लग्नपत्रिकेच्या पानावर सनई आणि वरून पडणारी फुलं, देवस्थानाच्या पानावर वाजणारी घंटा. हे सगळं तो फ्लॅश नावाच्या, ब्राउझरला जोडायच्या प्लग-इनमध्ये करायचा. पान उघडलं की घोडा धावायला लागायचा आणि लोक खूश व्हायचे. मग एके दिवशी ब्राउझरांनी ते प्लग-इन चालवणंच बंद केलं. जगभरचं झालं ते, एकट्या श्रीशैलचं नव्हे. पण त्याचा पंधरा वर्षांचा घोडा, सनई, घंटा, सगळं एका वर्षात गेलं आणि पानापानावर एकेक राखाडी चौकोन उरला. तो अजूनही कधी कधी ती जुनी पानं उघडून बघतो. कुणी बघायला लागलं की मोबाइल पालथा घालतो.

तो घरी परतला तो असा. आता तो बीदरच्या बाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात आहे. किती खोकी आली, किती गेली, ते संगणकावर चढवायचं. दुपारी दोनची पाळी. सकाळी मोकळा वेळ असतो, पण मोकळा वेळ त्याला चावतो. म्हणून तो कुणाच्या दुकानाची, कुणाच्या कॉलेजची वेबसाइट दुरुस्त करून देत हिंडतो. तीन एकर रान, दोन म्हशी, सासूचं आजारपण आणि बीदरला शिकायला ठेवलेली लेक, हे मनीषा बघते. ती कशी बघते हा प्रश्न त्याला पडला नव्हता, कारण बघितलं जात होतं.

आता नागप्पाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे पुढं सरकणार नाही.

नागप्पा हेळवी. हेळवी म्हणजे घराण्याचा वंश तोंडपाठ असणारा माणूस. जवारीची सुगी संपली की नागप्पा गावोगाव यायचा. पूर्वी त्याचा बाप नंदीवर बसून यायचा. नागप्पा एसटीनं येतो, पण घोंगडं आणि हातातली घंटा तीच. उंबऱ्याशी बसायचा, घंटा वाजवायचा आणि त्या घराचा मूळ पुरुष कुठून आला, कोणती नदी उतरला, कुणाच्या पोटी कोण, कुणी विहीर खणली, कुणी भावकीशी भांडून वेगळी चूल मांडली, हे सगळं एका दमात, चालीवर म्हणायचा. मराठी घरी मराठीत, कानडी घरी कानडीत. दर साली घरातल्या माणसांना विचारून शेवटाला दोन ओळी नव्या जोडायचा. मग पायलीभर जवारी घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. त्याच्या घराण्याची एक रीत होती: एका घरचा वंश दुसऱ्या घरी बोलायचा नाही. कोण दत्तक आलं, कुणाची लेक नांदायला जाऊन परत आली, हे ज्याचं त्याच्या उंबऱ्यावरच. बासष्ट घरांची पोटातली गोष्ट त्याच्या पोटात होती आणि त्यातली एक कधी बाहेर सांडली नव्हती.

दोन वर्षांमागं त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तेव्हा त्याचा मुलगा बसवप्रभु, जो जहिराबादकडं टेम्पो चालवतो, त्यानं बापाला टेम्पोच्या शेडमध्ये बसवून बासष्ट घरं म्हणवून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. महिनाभर चाललं ते. बासष्टांतल्याच एका घरचे, निंबर्ग्याचे मानकरी हणमंतराव यांनी सुचवलं की हे वेबसाइटवर ठेवू, म्हणजे नागप्पा उंबऱ्यावर येऊन बसेल, घरचे लोक मोबाइलवर त्याचाच आवाज लावतील आणि म्हाताऱ्याची सुगी बुडणार नाही. काम श्रीशैलकडं आलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नागप्पानं त्याला बोलावून घेतलं.

"दोन गोष्टी हायती, बाबा," गाठीनं खरखरलेल्या आवाजात नागप्पा म्हणाला. "एका घरचं दुसऱ्या घरी वाजू द्यायचं न्हाई. आन् एक शब्द काढायचा न्हाई, एक घालायचा न्हाई. जमतंय का बग. न्हाईतर नको."

"जमतंय की, अप्पा," श्रीशैल म्हणाला आणि देवाच्या हळदीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून त्यानं शब्द दिला. पाय तेवढ्यातही हलत होता.

काम त्यानं मन लावून केलं. म्हणजे त्याच्या परीनं. प्रत्येक घराचं वेगळं पान, त्या पानाची लिंक फक्त त्या घरच्यांच्या मोबाइलवर. आवाज वाजवायला त्यानं तीन प्लग-इन लावून बघितली. पहिलं मध्येच जाहिरात वाजवायचं. पणजोबा विहिरीत उतरतोय आणि कुणीतरी पंखे विकतंय. दुसऱ्याला तालुक्याबाहेर नेटवर्क पुरेना. तिसरं नीट बसलं: साधं गोल बटण, दाबलं की नागप्पा सुरू. सगळ्या फाइली त्यानं एका यादीत चढवल्या. पहिला नंबर हणमंतरावांचा, कारण मान त्यांचा. दुसरा स्वतःच्या घराण्याचा. मग बाकीची साठ घरं.

आणि प्रत्येक पान त्यानं तपासलं. बटण दाबायचं, "मूळ पुरुष..." एवढं ऐकायचं, आवाज येतोय ना, पुढचं पान. दहा दहा सेकंद. एकेक वंश अर्ध्यापाऊण तासाचा. त्याचा स्वतःचा चाळीस मिनिटांचा. बासष्टांतला एकही त्यानं शेवटापर्यंत ऐकला नाही, स्वतःचासुद्धा नाही. ऐकायला बसावं लागलं असतं ना!

पहिली सुगी बरी गेली. नागप्पा उंबऱ्यावर बसायचा, घंटा वाजवायचा, घरातलं कुणीतरी पान उघडायचं. लोकही श्रीशैलचेच भाऊ. दहा मिनिटं ऐकायचे, आज्याचं नाव आलं की हात जोडायचे, बंद करायचे आणि जवारी घालायचे. त्यामुळं काही कळलं नाही.

कळलं ते यंदा, माघात. श्रीशैल कोळारला गोदामाच्या दारात खोकी मोजत उभा होता आणि फोन आला. हणमंतरावांची बायको चंद्रभागाबाई. निंबर्ग्याला त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती त्या दिवशी.

"अण्णा, लई ग्वाड काम केलाव बगा," ती म्हणाली. मागं भांड्यांचा आणि माणसांचा गलका. "मांडवात मोठ्या स्पीकरवर लावलाव. समदे जेवायले आन् ऐकायले. आमचं समदं झालं, आन् मग तुमचं लागलं."

"आमचं?"

"व्हय की. तुमच्या घरचं. बंद कराया कुणी उठलंच न्हाई, हात खरकटे समद्यांचे. शेवटपत्तुर ऐकलाव, मग बंद केलाव." आणि ती हसायला लागली, अगदी मायेनं. "तुमचं तेवढं आलं आन् मांडव हसून हसून आडवा झाला बगा. घरी भेटला न्हाई म्हणे! नागप्पाबी लई वस्ताद."

श्रीशैलनं काहीतरी बोलून फोन ठेवला. गोदामाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन त्यानं मोबाइलवर प्लग-इनचं सेटिंग उघडलं. तिसऱ्या रांगेत होतं: फाइल संपल्यावर यादीतली पुढची आपोआप लावा. समोर टिक. प्लग-इन बसवलं तेव्हापासूनची, त्यानं कधी न बघितलेली. शेवटापर्यंत ऐकल्याशिवाय ती कळणारच नव्हती. त्यानं टिक काढली. पाच सेकंदांचं काम.

नागप्पाला दिलेला शब्द मोडला होता. पण खरं सांगायचं तर त्याचं वाईट त्याला नंतर वाटलं. आधी त्यानं स्वतःचं पान उघडलं, रेघेवरचा ठिपका बोटानं ढकलत अडतिसाव्या मिनिटापाशी नेला आणि मोबाइल कानाला लावला. बापाचं नाव गेलं. बापानं बांधलेला गोठा गेला. मग नागप्पाचा तो जुना, खरखरता आवाज म्हणाला:

"त्याच्या पोटी श्रीशैल. सात साल आलो, दारात बसलो, घरी भेटला न्हाई. जवारी घरधनिणीनं घातली."

आणि पुढं त्याच्या लेकीचं नाव. त्याच्यावर एवढंच. आज्यावर तीनशे मेंढरं आणि दोन नद्या, बापावर गोठा आणि दुष्काळात जगवलेली जनावरं, आणि त्याच्यावर हे. तो संतापला. सात वर्षं तो काय मजा मारत होता? घरासाठीच गावोगाव हिंडला ना? घोडा, सनई, घंटा, त्यातलं काहीच का नाही आलं? मग त्याच्या लक्षात आलं की नागप्पाला आता आवाज नाही. म्हणजे ही ओळ आता बदलणार नाही. त्याच्या लेकीच्या लेकरांना हीच ऐकू जाणार, आणि त्याच्या नावावर दुसरं काही लागणार नाही. त्या दिवशी खोक्यांचा आकडा त्याच्याकडून दोनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा म्हशींकडं असताना त्यानं लॅपटॉप उघडला. फाइल घेतली, ती जागा शोधली, आठ सेकंद निवडले आणि कापले. 'त्याच्या पोटी श्रीशैल', आणि लगेच लेकीचं नाव. जोड कुठं कळत नव्हता. हात अजून चालत होता त्याचा. कापलेली फाइल त्यानं पानावर चढवली आणि जुनी बाजूला ठेवली. भंडारा आठवला, नाही असं नाही. पण तो स्वतःशी म्हणाला, आपल्याच घरचं आहे, आपल्याच घरी वाजणार आहे, कुणाचं काय जातंय.

लॅपटॉप मिटायच्या आत दारात घंटा वाजली.

नागप्पा आला होता. गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं, अंगानं अर्धा झालेला. खटकचिंचोळीची पाळी होती त्या दिवशी, एवढंच. श्रीशैल घरात आहे हे बघून त्याच्या भुवया वर गेल्या. मनीषा हात धुऊन आली, तिनं उंबऱ्याशी घोंगडं सरळ केलं, म्हाताऱ्याला पाणी दिलं.

"अप्पा," श्रीशैल उभ्या उभ्याच म्हणाला, "चूक झाली. निंबर्ग्याला आमचं वाजलं. एक सेटिंग ऱ्हाऊन गेलतं. काल काढलो. आता कुणाचं कुणाकडं जात न्हाई."

नागप्पानं त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले, वारा आला, आवाज नाही. मनीषाला कळायचं ते. "यंत्राचं हाय, हुतंय, म्हणायलेत," ती म्हणाली. मग नागप्पानं कानाला बोट लावलं आणि मोबाइलकडं दाखवलं. लाव.

श्रीशैलनं आधी लॅपटॉप मिटला. पण न लावून सांगणार काय? त्यानं पान उघडलं आणि बटण दाबलं. मनीषा चौकटीला टेकून बसली, सूप मांडीवर घेऊन.

मूळ पुरुष निघाला. नागप्पानं डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलायला लागले. मोबाइलमधला नागप्पा म्हणत होता आणि उंबऱ्यावरचा नागप्पा त्याच्याबरोबर, शब्दाला शब्द, श्वासाला श्वास लावून, बिनआवाजाचं म्हणत होता. जिथं चाल वर जायची तिथं त्याची मान वर जायची. घंटा अधूनमधून आपोआप वाजायची, जिथं वाजायची तिथंच. श्रीशैलनं आयुष्यात पहिल्यांदा आपला मूळ पुरुष कोण हे पूर्ण ऐकलं. त्याला एक पणजी निघाली जी एकटी दीडशे मेंढरं घेऊन परत आली होती, नवरा वाटेत गेला म्हणून. हे त्याला माहीत नव्हतं. वीस मिनिटं झाली. तो उठला, पुन्हा बसला. तिसाव्या मिनिटाला तो म्हणाला, "अप्पा, बस करू का? दमला असाल." नागप्पानं डोळे न उघडता हात हलवला.

अडतीस मिनिटं. गोठा आला. जनावरं आली.

"त्याच्या पोटी श्रीशैल," मोबाइल म्हणाला, आणि लगेच लेकीचं नाव घेऊन पुढं गेला.

नागप्पाचे ओठ गेले नाहीत. ते त्या आठ सेकंदांतच होते. सात साल आलो, म्हणत होते, दारात बसलो, म्हणत होते, आणि मोबाइल भलतंच बोलत होता. म्हाताऱ्याचे ओठ अडखळले. त्यानं डोळे उघडले. मोबाइलकडं बघितलं, मग घशाकडं हात नेला, आपलंच काही चुकलं असं वाटून. पाठ केलेलं पहिल्यांदा चुकलेल्या माणसाचं तोंड झालं त्याचं, आणि ते श्रीशैलला बघवेना.

"सात साल आलो, दारात बसलो, घरी भेटला न्हाई," मनीषा म्हणाली. मोठ्यानं, चालीवर, सुपातलं बोट न काढता. "जवारी घरधनिणीनं घातली. तुमचं बरूबर हाय, अप्पा. चुकलं न्हाई तुमचं." मग ती नवऱ्याकडं वळली. "गाळलाव व्हय?"

श्रीशैलनं मोबाइल पालथा घातला.

"ते अप्पांचं न्हाई. माजं हाय. दर साली ते इचारायचे, घरधनी कुठं हाय, काय लावू त्याच्यावर. म्या म्हणायची, घरी न्हाईत. सात साल म्या तेच म्हणाले. म्या म्हणाले म्हणून त्येनी लावलं."

त्याला वाटलं होतं नागप्पानं थट्टा केली. मांडवातल्या लोकांनाही तसंच वाटलं. ती थट्टा नव्हती. सात माघ मनीषानं एकटीनं या चौकटीत बसून हे सगळं ऐकलं होतं आणि शेवटी एका ओळीत उत्तर दिलं होतं. श्रीशैलला शरम वाटली. अशी की लपवायला पायही हलेना.

मोबाइल थांबला होता. पुढं काही वाजलं नाही.

नागप्पानं पिशवी पुढं केली नाही. उपरणं नीट केलं आणि तसाच बसून राहिला. वंशात चूक राहिली तर ती सुधारल्याशिवाय तो जवारी घेत नव्हता, हे मनीषाला माहीत होतं. तिनंही सूप खाली ठेवलं. श्रीशैलनं लॅपटॉप ओढला आणि दोघांसमोर जुनी फाइल पुन्हा चढवायला घेतली. नेटवर्क मंद होतं. हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती. चढली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि दोनच्या पाळीला पोचायचं तर तेव्हाच निघायला हवं होतं. नागप्पानं बोटानं दाखवलं: पहिल्यापासून.

त्यानं पहिल्यापासून लावलं. मध्ये गोदामातून दोनदा फोन आला. आवाज तुटायचा, तो फोन कापायचा आणि पुन्हा लावायचा. पणजी मेंढरं घेऊन परत आली. गोठा आला. आणि मग ती ओळ आली, मोबाइलमधून आणि म्हाताऱ्याच्या ओठांवरून, एकदम, बरोबर. श्रीशैलनं ती खाली बघून ऐकली. नागप्पानं शेवटची घंटा वाजवली, पिशवीचं तोंड उघडलं, मनीषानं जवारी घातली. जाताना म्हाताऱ्यानं श्रीशैलच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ, आणि शेजारच्या घराकडं वळला.

श्रीशैल उंबऱ्याशीच बसला होता. मनीषा सांडलेले दाणे वेचत होती.

"एवढी सालं," तो म्हणाला, "अप्पाला सांगायलीस. मला एकदा तरी कामून बोलली न्हाईस?"

तिनं दाणे सुपात टाकले, हात झटकले.

"कुणाला बोलू?" ती म्हणाली. "घरी होताव कवा?"